चेडवाच्या तोंडाला काय लावायचं

तारकर्लीला आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. दहा-बारा वर्षं झाली या धंद्याला, आणि तेवढ्या वर्षांत मी शाम्पूची बाटली विकत आणलेली नाही. पाहुणे विसरून जातात. येताना दोन दिवसांसाठी दोन महिन्यांचं सामान आणतात आणि जाताना धावत सुटतात, मोरीत अर्ध्या भरलेल्या बाटल्या तशाच. चष्मा, चार्जर, औषध असं काही राहिलं तर मी फोन करते, कुरियरने पाठवते. बाटल्यांचं विचारलं की पलीकडून हसत उत्तर येतं, "अहो, टाकून द्या."

टाकून द्या म्हणे! नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्या, यातलं काही टाकायची सवय नाही आमच्या हाताला, तर सुगंधी शाम्पू कसा टाकणार? मी तो स्वयंपाकघराच्या मागच्या फळीवर ठेवते. कोणाला लागेल त्याने घ्यावा असा घरचा कायदा आहे. त्यामुळे आमच्या घराला ठरावीक वास नाही. एक महिना काकडीचा, एक महिना चंदनाचा, मधेच कसल्या तरी परदेशी फुलाचा. एकदा कोणाचं तरी तान्हं बाळ येऊन गेलं आणि माझा नवरा पुढचे दीड महिने बाळाच्या पावडरीचा वास घेऊन हिंडला. त्याच्या नाटक कंपनीत त्याची काय थट्टा झाली असेल ते मला त्याने अजून धड सांगितलेलं नाही.

नाटक कंपनी म्हणजे दशावतारी. पावसात तो शेती करतो आणि दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की कंपनीच्या टेम्पोतून बाहेर पडतो. कामं करतो ती बायकांची. आमच्याकडे त्याला स्त्रीपार्टी म्हणतात. कधी द्रौपदी, कधी तारामती, कधी कोण तरी राक्षसीण जी आधी सुंदर होऊन येते. सकाळी घरी येतो तो डोळ्यांत काजळ, कानामागे गुलाबी रंग आणि मानेला पावडर घेऊन. चहा झाला की मागच्या पायरीवर आरसा मांडून बसतो. खोबरेल तेल, जुन्या धोतराचा धुऊन मऊ झालेला तुकडा, वाटीत मसुराचं पीठ. तासभर चालतं ते. एकेक रंग टिपून काढतो, भुवया वेगळ्या, पापण्या वेगळ्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझी समजूत होती की आरशापुढे पहिला नंबर नव्या सुनेचा असतो.

तर हे आमचं घर. त्यात एक मुलगी, आमच्या मालवणीत चेडू, अकरा वर्षांची, सहावीतली.

गेल्या वर्षी थंडी सुरू होता होता तिच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्या. नाक चमकायला लागलं. मी म्हटलं, उष्णता. आमच्याकडे जे समजत नाही ते उष्णता असतं. आणि उष्णतेला औषध काय, तर तेल. मी तिच्या डोक्यावर आणखी तेल थापलं, दोन घट्ट वेण्या घातल्या आणि शाळेत पाठवलं. दुपारी घरी यायची तेव्हा तेल कपाळावरून भुवयांपर्यंत उतरलेलं असायचं. पुटकुळ्या वाढल्या. मी तेल वाढवलं. मी माघार घेणारी बाई नाही.

एक दिवस तिने फेसवॉश मागितला. वर्गातल्या मुली लावतात म्हणाली. मी म्हटलं, विकत कशाला आणायचा, फळीवर बघ, दुकान मांडलंय तिथे. इथे माझी पहिली चूक झाली, पण तेव्हा मला ती काटकसर वाटली.

दुसरी चूक सांगायला जास्त लाज वाटते. फळीवर एक छोटी काचेची बाटली होती, झाकणाला रबराचा फुगा असलेली, आत लालसर पाणी. पुण्याची एक मुलगी विसरून गेली होती. वर इंग्रजीत मुंगीएवढी अक्षरं. माझं इंग्रजी लाइटबिलापुरतं आहे, पण त्यात मला फळांचं काही तरी लिहिलेलं दिसलं. मी ते माझ्या टाचांना लावून बघितलं होतं. आठ दिवसांत टाचा अशा झाल्या की मला चप्पल काढून चारचौघांत बसावंसं वाटायला लागलं. त्यामुळे पोरगी ती बाटली घेऊन आली आणि तोंडाला लावू का म्हणून विचारलं, तेव्हा मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आठ पाहुण्यांची सुरमई तव्यावर होती.

"लाव गो," मी म्हटलं, "फळांचो रस आसा तो."

टाचेला चालतं ते गालाला चालेल, हा हिशोब मी कुठल्या शाळेत शिकले देव जाणे.

तिने लावलं. सकाळ-संध्याकाळ लावलं. त्यावर दुसऱ्या कोणाची तरी ट्यूब, त्यावर लिंबू, कारण लिंबाचं तिला कोणीतरी मोबाइलमध्ये दाखवलं होतं. आणि असं तोंड घेऊन ती भर उन्हात वाळूतून शाळेत जायची, यायची. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की पोरगी घरात मास्क लावून फिरायला लागली आहे. साथीच्या वेळचे उरलेले मास्क पडले होते, तेसुद्धा मी टाकले नव्हते. विचारलं तर म्हणाली, धूळ आहे. जेवायला बसायची ती भिंतीकडे तोंड करून. मी थट्टा केली. दरोडा घालायला निघाली आहेस का, आधी आमचंच कपाट फोड म्हटलं, कुलूपसुद्धा नाही त्याला. एरवी ती असल्यावर उलट काही तरी ठेवून द्यायची, माझीच पोर आहे. तेव्हा तिने नुसता मास्क आणखी वर ओढून घेतला. शाळेत वर्गाचा फोटो होता त्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहिली, आणि पोट दुखणाऱ्या पोरीने दुपारी चार आंबोळ्या खाल्ल्या. तरीसुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो नवऱ्याच्या पडला. कुठल्याशा जत्रेहून सकाळी आला, पायरीवर बसला, अर्धं तोंड द्रौपदीचं आणि अर्धं स्वतःचं अशा अवस्थेत त्याने तिला आरशातून बघितलं. ती मागे तुळशीपाशी उभी राहून मास्क खाली करून दात घासत होती. तो उठला नाही की ओरडला नाही. तिला जवळ बोलावून पायरीवर बसवलं आणि मास्क काढायला सांगितला. तिने काढला.

मी चुलीजवळून बाहेर आले आणि बघतच राहिले. दोन्ही गाल लाल, नाकाच्या बाजूला साल सुटलेली, हनुवटीला भेगा. घाबरले की मला आधी राग येतो, तसा तो आलाच. मी तोंड उघडलं होतं, पण नवऱ्याने हात वर केला. तो हात रंगमंचावरचा होता, बांगड्यांसकट.

तो तिच्याशी बोलायला लागला ते बाप मुलीशी बोलतो तसं नव्हतं. कंपनीतला जुना नट नव्या नटाशी बोलतो तसं होतं. काय काय लावलंस, आधी काय, मग काय, झोंबलं कधी, असं एकेक विचारत गेला. तिने आत जाऊन सगळ्या बाटल्या आणल्या आणि पायरीवर मांडल्या. सात होत्या. त्याने त्याच्या कामाच्या पहिल्या वर्षी कुठल्याशा स्वस्त रंगाने त्याचं तोंड कसं भाजलं होतं आणि तशा तोंडाने सीतेचं काम कसं करावं लागलं ते सांगितलं. पोरगी पहिल्यांदा थोडी हसली, आणि हसल्यावर गाल ताणला म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्याने विचारलं, पण एवढं सगळं कशासाठी?

ती माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "आये सगळ्यांका सांगता ना, ह्या घरात सुंदर बाई एकच आसा. माका दुसरी होवचा होता."

आता ही थट्टा मला सांगायला हवी. आमच्या बाहेरच्या खोलीत नवऱ्याचा एक मोठा फोटो आहे, नऊवारी, नथ, डोक्यावर मुकुट. प्रत्येक पाहुणा जेवताना विचारतो, या बाई कोण? मग मी ताटात भात वाढता वाढता सांगते की या घरात सुंदर बाई एकच आहे आणि ती माझा नवरा आहे. पाहुणे हसून हसून लोळतात. जेवण चांगलं होतंच, पण मला वाटतं निम्मे लोक परत येतात ते या वाक्यासाठी. एकदा एक बाई हसता हसता म्हणाल्या, मग मुलगी कोणावर गेली? मी म्हटलं, माझ्यावर गेली बिचारी. पुन्हा सगळे हसले. मुलगी तिथेच होती, सोलकढीचा तांब्या घेऊन. पाहुण्यांच्या ताटाशेजारी वाटीत सोलकढी ओतत होती.

खरं सांगते, ती थट्टा तिच्यासाठी नव्हतीच. ती माझ्यासाठी होती. माझ्या लग्नात मांडवामागे बायका कुजबुजल्या होत्या की जोडा उलटा लागला, नवरा नवरीपेक्षा देखणा. मी काळीसावळी, कपाळ मोठं, नाक त्याहून मोठं. ते ऐकून मी आत जाऊन रडले होते, आणि मग ठरवलं की हे लोकांनी बोलायच्या आधी आपणच बोलायचं, मोठ्याने आणि हसत. जमलं मला ते. इतकं जमलं की पुढे लागतच नाही असं वाटायला लागलं. पण घरात एक पोर वाढत होती जिचं कपाळ माझं होतं आणि नाकही माझं होतं. मी स्वतःला जे म्हणत होते ते ती स्वतःसाठी ऐकत होती, हे अकरा वर्षांत माझ्या ध्यानात आलं नाही. एवढी हुशार बाई मी, पाहुण्याच्या चपलांवरून तो टीप देणार की नाही ते ओळखते.

मी तिच्यासमोर खाली बसले. माझं चुकलं म्हणाले. एवढंच म्हणाले, कारण पुढे काही बोलले असते तर सवयीने थट्टा झाली असती. तिने मान हलवली, पण माझ्याजवळ सरकली नाही. बापाला टेकून बसली.

मालवणात दर बुधवारी कातडीच्या डॉक्टरीणबाई येतात. तिघं एका स्कूटरवर गेलो. सातही बाटल्या पिशवीत. बाईंनी चष्मा लावून एकेक बाटली वाचली आणि दोन बाजूला काढल्या. म्हणाल्या, या चाळिशी उलटलेल्यांच्या, वरची जुनी कातडी काढायच्या. या पोरीची कातडी जुनी व्हायला अजून वेळ आहे. कोणी दिल्या विचारलं. मी म्हटलं, पाहुण्यांनी. नवरा छताकडे बघत राहिला, भला माणूस.

मग त्यांनी सांगितलं ते इतकं साधं होतं की मला फी जास्त वाटली. लाली जाईपर्यंत काहीच नाही, साधं पाणी आणि वास नसलेलं एक मलम. बरं वाटलं की सकाळ-संध्याकाळ फेस न होणाऱ्या सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, पुसायचं ते टिपून, तोंड ओलसर असतानाच मलम, आणि सकाळी बाहेर पडताना उन्हाचं क्रीम. बस. लिंबू नाही, बेसन नाही, टूथपेस्ट नाही. उशीचा अभ्रा वरचेवर बदलायचा. पुटकुळ्या फोडायच्या नाहीत. या वयात पुटकुळ्या येतातच, हा काही आजार नाही आणि कोणाचा गुन्हाही नाही, असं त्या मुलीकडे बघून म्हणाल्या. डोक्याला तेल लावायचं तर धुवायच्या आधी थोडा वेळ, आणि कपाळावर उतरू द्यायचं नाही. तोंडाला खोबरेल तर अजिबात नाही.

खोबरेल नाही म्हटल्यावर माझ्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. वीस वर्षं त्याची सगळी सौंदर्यसाधना त्या तेलावर उभी. त्याने आपलं कसं म्हणून विचारलंच. बाई म्हणाल्या, तुम्हाला सोसत असेल तर रंग काढायला वापरा, पण नंतर नीट धुवा, आणि मुलीला शिकवू नका. परत येताना तो स्कूटर चालवत एवढा गप्प होता की मी मागून पोरीला खुणावलं. ती मास्कच्या आत हसली असावी, मास्क हलला.

पुढे महिनाभर आमच्या मागच्या पायरीवर दोघांचा वर्ग भरला. तो रंग काढायला बसला की ती शेजारी तोंड धुवायला बसायची. त्याला जे येत होतं ते त्याने तिला दिलं, तेल सोडून. बोटं कशी ठेवायची, घासायचं नाही, गालावर खालून वर, डोळ्यांपाशी फक्त करंगळीशेजारचं बोट कारण त्याला जोर नसतो. कंपनीत नव्या पोरांना शिकवताना तो चिडतो म्हणे. इथे चिडला नाही. ती उलट त्याच्यावर डाफरायची, बाबा, कानामागचा राहिला. मलम संपलं तर दोघं मिळून मालवणला जाऊन आणायचे. विकत! मी चुलीजवळून हे सगळं बघायची. मला त्या पायरीवर कोणी बोलावलं नाही. मला वाईट वाटलं, का खोटं बोलू? आणि बोलावलं नाही ते बरोबर होतं हेही कळत होतं, त्याचं जास्त वाईट वाटलं. घरात कोणी माझ्याशी भांडलं तर मला जमतं. न भांडता दूर बसलं तर मला काही सुचत नाही.

फळी मी रिकामी केली. सोपं गेलं असं नाही. शाम्पू ठेवले.

एका शनिवारी संध्याकाळी नाशिककडचे पाहुणे होते, मोठं कुटुंब. जेवताना त्यांच्यातल्या आजोबांनी फोटोकडे बघून विचारलं, या कोण? माझा हात भातावर थांबला. वाक्य ओठावर आलंच होतं, इतक्या वर्षांचं, हक्काचं. मी म्हटलं, माझे मिस्टर, दशावतारात काम करतात, चांगलं करतात. आजोबा अरे वा म्हणाले आणि परत माशाकडे वळले. कोणी हसलं नाही. जेवण जरा अळणी झाल्यासारखं वाटलं मला. मुलगी सोलकढी वाढत होती. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि मग पुढच्या वाटीकडे गेली.

तिचे गाल हळूहळू शांत झाले. साल गेली, लाली गेली. कपाळावरच्या पुटकुळ्या कमी झाल्या, सगळ्या गेल्या नाहीत; अजूनही दोन-तीन येतात आणि ती त्यांना हात लावत नाही. मास्क कधी सुटला ते नेमकं सांगता येणार नाही. एका दुपारी ती शाळेतून मैत्रिणींबरोबर आरडाओरडा करत आली आणि माझ्या लक्षात आलं की तोंडावर काही नाही.

आणि मग एका सकाळी मी किनाऱ्यावर मासे आणायला निघाले होते. होड्या आल्या होत्या, ऊन चढलं होतं. ती दप्तर पाठीला लावून पायरीवर स्वतःच्या तोंडाला उन्हाचं क्रीम लावत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आये, उनात तशीच जातंस? बस हयसर."

मी बसले. तिने बोटावर क्रीम घेतलं, माझ्या तोंडावर ठिपके दिले आणि बापाने शिकवलं तसं खालून वर पसरवायला लागली. माझ्या तोंडाला दुसऱ्या कोणाचा हात लागून किती वर्षं झाली होती, मला आठवेना. माझी आई गेली त्याच्या आधी कधी तरी. थंड थंड लागत होतं. तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं, जीभ थोडी बाहेर, अभ्यास करताना असते तशी. गाल झाले, नाक झालं. कपाळावर आली आणि तिचा हात थांबला. तिने बापाचा आरसा उचलून आमच्या दोघींपुढे धरला.

"तुझा कपाळ आणि माझा कपाळ एकच आसा," ती म्हणाली.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. चांगलं होतं, पाहुणे पोट धरून हसले असते. मी ते गिळलं.

"बरा आसा?" मी विचारलं.

तिने घाई केली नाही. आरसा जरा वर केला, जरा तिरका केला, आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःकडे.

"बरा आसा," ती म्हणाली, आणि बोटावर उरलेलं क्रीम माझ्या नाकाला पुसून शाळेत गेली.